सर, नंबर लागेल ना?

४ जून २०२४. सकाळपासून घराघरांत टीव्हीवर लोकसभेची मतमोजणी चालू होती. नीटचा निकाल १४ तारखेला लागणार असे सगळ्यांना माहीत होते, त्यामुळे तिकडे कोणाचे लक्ष नव्हते. आणि संध्याकाळी तोच निकाल दहा दिवस आधी येऊन थडकला. आमच्या मोहल्ल्यातल्या एका मुलीचा धाकटा भाऊ धापा टाकत माझ्या दारात आला. "सर, बाजीला ७२० पैकी ६०४!" या मुलीला मी नववी-दहावीला विज्ञान शिकवले होते. मगरिबची नमाज आटोपून मी तडक त्यांच्या घरी गेलो. जाताना चौकातून पेढे मीच घेतले.

तिचे अब्बा आठवडी बाजारांत फळे विकतात. मुलगी दहावीपर्यंत उर्दू माध्यमात शिकली, मग दोन वर्षे अकोल्याला खालाकडे राहून तिने अभ्यास केला. त्या संध्याकाळी अंगणात पंधरा-वीस माणसे जमली होती. अम्मी दाराच्या चौकटीला टेकून उभ्या होत्या. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "सर, नंबर लग जाएंगा ना?"

मी म्हणालो, "इन्शाअल्लाह. सरकारी लग जाएंगा, आप फिकर मत करो."

नंबर लागला नाही.

सोळा-सतरा वर्षे शिकवतो आहे. दर जूनमध्ये वाशीम, मंगरूळपीर, कारंजा, रिसोडकडचे ओळखीचे पालक मुलाचा निकाल घेऊन येतात आणि हाच प्रश्न विचारतात. शिक्षकाने 'लागेल' म्हटले की घर निर्धास्त होते, 'नाही' म्हटले की घर खचते. त्या दिवशी मी जे उत्तर दिले ते कशाच्या आधारावर दिले, हे नंतर मी स्वतःला पुष्कळदा विचारले. आधार होता तो आदल्या वर्षीच्या आठवणीचा. २०२३ साली ६०० गुणांना देशात साधारण अठ्ठावीस-एकोणतीस हजारांच्या आसपास क्रमांक होता. तेवढ्या क्रमांकावर महाराष्ट्रात खुल्या गटातूनसुद्धा सरकारी एमबीबीएसची जागा मिळत होती. हा हिशेब माझ्या डोक्यात पक्का बसला होता. निकालाच्या कागदावर गुणांच्या खाली क्रमांकही छापलेला असतो. ती ओळ मी पाहिलीच नाही. रात्री घरी येऊन मोबाईलवर तो फोटो पुन्हा उघडला तेव्हा दिसले, क्रमांक पाऊण लाखाच्या आसपास होता.

गुण तेवढेच, पण एका वर्षात क्रमांक जवळजवळ पन्नास हजारांनी मागे गेला होता.

असे का झाले, ते थोडे समजून घेतले पाहिजे. २०२४ ला परीक्षेला २३ लाखांहून जास्त मुले बसली. अभ्यासक्रम कमी केलेला होता, प्रश्नपत्रिका सोपी होती, शिवाय २०० पैकी १८० प्रश्न निवडून सोडवायची २०२१ पासूनची सवलत चालू होती. पहिल्या निकालात ६७ मुलांना ७२० पैकी ७२० पडले. पुढे पेपरफुटीची प्रकरणे, वाढीव गुण, सर्वोच्च न्यायालय असे सगळे रामायण झाले आणि जुलैअखेरच्या सुधारित निकालात ती संख्या १७ वर आली. तरी वरच्या थरातली गर्दी कायम राहिली. ६०४ गुण ही त्या वर्षी गर्दीच्या मधली जागा होती.

आता पुढच्या वर्षाची गोष्ट. २०२५ च्या मे महिन्यात पेपर झाला. निवडीची सवलत गेली, १८० प्रश्न आणि तीन तास. भौतिकशास्त्राने मुलांना रडवले. १४ जूनला निकाल लागला तेव्हा देशात पहिल्या आलेल्या मुलाचे गुण ६८६ होते. आमच्याकडचा एक मुलगा, त्याचे वडील मोटार रिवाइंडिंग करतात, त्याला ५५३ पडले. पोराने फोन बंद करून टाकला. वडील माझ्याकडे आले ते पडलेल्या चेहऱ्याने. "सर, मागच्या वर्षी त्या पोरीला ६०४ ला लागला नाही. ह्याला काय लागणार? फार्मसीचा फॉर्म भरून टाकू का?"

या वेळी मी आधी खालची ओळ पाहिली. क्रमांक बारा हजारांच्या आत होता. २०२५ ला देशभरात ६०० च्या वर गुण मिळवणारी मुले जेमतेम साडेतेराशेच्या आत होती, आणि ५५१ ते ६०० च्या दरम्यान साडेदहा हजारांवर. त्या वर्षी ५५३ म्हणजे पुष्कळ वरची जागा. मुलाला विदर्भातल्याच एका सरकारी महाविद्यालयात पहिल्या फेरीत प्रवेश मिळाला. घरचे मात्र दोन दिवस सुतकात असल्यासारखे बसून होते, कारण शेजारच्या मुलीचे गुण त्यांच्या डोक्यात होते.

म्हणून आता मी पालकांना गुण विचारतच नाही. क्रमांक विचारतो. महाराष्ट्रात सरकारी जागेसाठी खुल्या गटाचे शेवटचे गुण २०२४ आणि २०२५ मध्ये शंभराहून जास्त गुणांनी बदलले, पण त्या शेवटच्या जागेचा अखिल भारतीय क्रमांक त्या मानाने फार थोडा हलला. गुण पेपरवर अवलंबून असतात. जागा किती आणि आपल्या पुढे मुले किती, हे क्रमांकच सांगतो. राज्याचा सीईटी सेल प्रत्येक फेरीनंतर निवड यादी जाहीर करतो. तिच्यात विद्यार्थ्याचा क्रमांक, प्रवर्ग आणि मिळालेले महाविद्यालय असे सगळे असते. मागच्या तीन वर्षांच्या शेवटच्या फेरीच्या याद्या उघडायच्या, आपल्या प्रवर्गाचा सरकारी महाविद्यालयातला शेवटचा क्रमांक शोधायचा आणि एका कागदावर तिन्ही लिहायचे. हे काम दहावी पास भाऊ-बहीणही करू शकतात. त्यासाठी कोणा सल्लागाराला पाच-दहा हजार द्यायची गरज नाही.

निकालाआधी अंदाज घ्यायचा असेल तर तो सराव परीक्षांवरून घ्यावा लागतो, आणि इथे घरोघर एक चूक होते. मुलाला एका सराव पेपरात ५८० पडले की घरात तोच आकडा धरला जातो. बाकीचे नऊ पेपर ४९० ते ५२० मध्ये असतात, ते कोणी मोजत नाही. मी मुलांना सांगतो, शेवटचे दहा पूर्ण पेपर घ्या. पूर्ण म्हणजे तीन तास, एका बैठकीत, ओएमआर शीटवर गोल काळे करून. सगळ्यात चांगला आणि सगळ्यात वाईट बाजूला काढा. उरलेल्या आठांची सरासरी म्हणजे तुमचा खरा आकडा. आणि ज्या क्लासच्या सराव परीक्षेला पंचवीस मुले बसतात, तिथल्या पहिल्या नंबराला काही अर्थ नाही. हजारो मुले बसतात अशी एखादी परीक्षा वर्षातून दोन-तीनदा तरी द्यावी, म्हणजे आपण कुठे आहोत ते दिसते. चुकीच्या उत्तराला एक गुण वजा होतो. आमची मुले शेवटच्या दहा मिनिटांत अंदाजाने पंधरा-वीस गोल काळे करतात आणि मिळवलेले घालवून बसतात, हे मी वर्षानुवर्षे पाहतो आहे.

'क्वालिफाय' या शब्दानेही पुष्कळ घरे फसली आहेत. २०२४ ला १३ लाखांहून जास्त मुले नीट पात्र झाली. खुल्या गटाची पात्रतेची रेषा ७२० पैकी १६२ होती. २०२५ ला ती १४४ वर आली. देशात एमबीबीएसच्या सगळ्या मिळून जागा सव्वा लाखाच्या आसपास, त्यांतल्या साधारण निम्म्या सरकारी. म्हणजे पात्र झालेल्या दहा मुलांपैकी एकाला कशीबशी जागा. तरी 'आमचा मुलगा नीट पास झाला' म्हणून हार घातले जातात, आणि दुसऱ्या दिवशीपासून दलालांचे फोन सुरू होतात. अमुक राज्यात सीट आहे, तमुक देशात सीट आहे, टोकन भरा. टोकन भरून शेतीचा तुकडा गमावलेले एक कुटुंब मला ठाऊक आहे. देशातला एमबीबीएसचा प्रवेश समुपदेशनाच्या अधिकृत फेऱ्यांतूनच होतो, मॅनेजमेंट कोट्याचासुद्धा. परदेशात शिकून आल्यावर इथे दवाखाना टाकण्यापूर्वी वेगळी परीक्षा पास व्हावी लागते, हे फोनवर कोणी सांगत नाही.

आपल्या जिल्ह्यात आता सरकारी वैद्यकीय महाविद्यालय झाले आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्यातल्या ज्या दहा नव्या महाविद्यालयांचे उद्‌घाटन झाले, त्यांत वाशीमचे नाव होते. शेजारी बुलढाणा, हिंगोली आणि अमरावतीही. वाशीमच्या जागा १००. तेव्हापासून लोक म्हणतात, "आता काय, घरचंच कॉलेज." असे काही नाही. शंभरातल्या १५ जागा अखिल भारतीय कोट्यात जातात, त्यांवर केरळ-राजस्थानची मुलेही येतात. उरलेल्या ८५ अख्ख्या महाराष्ट्रासाठी आहेत. पूर्वी विदर्भ, मराठवाडा अशी विभागवार ७०-३० ची वाटणी होती, ती २०२० मध्ये रद्द झाली. ८५ पैकी आरक्षण वजा केले की खुल्या गटात पंचवीसेक जागा राहतात. वाशीमच्या मुलाला वाशीममध्ये जागा राज्याच्या गुणवत्ता यादीतूनच मिळणार. फायदा झाला तो एवढाच की राज्यात जागा वाढल्या आणि शेवटचा क्रमांक थोडा मागे सरकला. तोही काही कमी नाही.

या ८५ टक्क्यांबाबत आणखी एक गोष्ट, जी न कळल्यामुळे एका हुशार मुलाचे नुकसान झालेले मी पाहिले. राज्याच्या कोट्यासाठी अधिवास तर लागतोच, पण दहावी आणि बारावीही महाराष्ट्रातूनच उत्तीर्ण व्हावी लागते. सरकारी नोकरांच्या मुलांना काही सवलती आहेत, तेवढा अपवाद. कोटा किंवा हैदराबादला क्लास लावला आणि बारावीचा फॉर्मही तिकडूनच भरला, तर महाराष्ट्रातल्या ८५ टक्के जागांवरचा हक्क जातो. क्लास कुठेही लावा, बारावी इथली ठेवा.

आता मी माझ्या दुसऱ्या चुकीकडे येतो. ती पहिल्यापेक्षा मोठी आहे.

२०२४ च्या जानेवारीत त्या मुलीच्या अब्बांनी मला विचारले होते, "सर, जातीचा कागद काढू का? तहसीलच्या चार चकरा होतील." त्यांची बिरादरी राज्याच्या ओबीसी यादीत आहे. मी म्हणालो, "तुमचा बाजार बुडेल. हिचे गुण ओपनमध्येच बसतील." मुलीच्या हुशारीवरचा विश्वास म्हणा किंवा फुशारकी म्हणा. ते गप्प बसले. जून उजाडला तेव्हा हातात जात प्रमाणपत्र नाही, नॉन-क्रीमीलेअर नाही, वैधता तर दूरच. मुलीने खुल्या गटातून फॉर्म भरला. त्याच वर्षी ८ जुलैला शासनाने निर्णय काढला, की आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस प्रवर्गांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिकवणी फी पूर्ण माफ. कागद असते तर ओबीसीतून खासगी महाविद्यालयातली जागा मिळालीच असती, असे मी छातीठोक सांगू शकत नाही. पण तिचे नाव त्या यादीत तरी असते. खुल्या गटातून खासगी जागेची वर्षाची फी ऐकून अब्बा उठून वजूला गेले.

आपल्या समाजात या कागदांविषयी विचित्र संकोच आहे. कोणी म्हणतो, इस्लाममध्ये जातपात नाही, मग जातीचा दाखला कसा काढायचा? शासनाची यादी ही धंद्यावरून आणि मागासलेपणावरून झालेली आहे. बागवान, तांबोळी, अत्तार, पिंजारी-नदाफ-मन्सुरी, मोमीन अशा कित्येक बिरादऱ्या तिच्यात आहेत. छप्परबंद तर विमुक्त जातींत येतात. अडचण पुराव्याची असते. ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागतात, आणि आपल्या आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात नुसते 'मुसलमान' लिहिलेले असते. आपल्या विदर्भात यावर एक उपाय आहे, तो म्हणजे कोतवाल बुक. गावच्या जन्म-मृत्यूच्या या जुन्या नोंदींत कधी कधी बापाच्या नावापुढे बिरादरी किंवा धंदा लिहिलेला सापडतो. त्याची नक्कल तहसीलमधून मिळते. नशिबाने आजोबांच्या एखाद्या चुलत्याची नोंद मिळाली तर वंशावळ जोडून काम होते. हे सगळे व्हायला महिने लागतात. म्हणून अकरावीला प्रवेश घेतला की कनिष्ठ महाविद्यालयाच्या पत्रासह जिल्हा जात पडताळणी समितीकडे वैधतेचा अर्ज गेला पाहिजे. बारावीच्या मे महिन्यात नव्हे.

ज्यांची बिरादरी कोणत्याच यादीत नाही, त्यांनी ईडब्ल्यूएसचे प्रमाणपत्र काढावे. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या आपल्यातल्या बहुसंख्य घरांना ते लागू होऊ शकते. केंद्राच्या जागांसाठी त्याचा नमुना वेगळा आणि राज्यासाठी वेगळा, दोन्ही काढून ठेवावेत. "आपल्याला पाच टक्के आहे ना?" असेही अजून विचारतात. तो अध्यादेश जुलै २०१४ चा. नोव्हेंबरमध्ये उच्च न्यायालयाने शिक्षणापुरता तो चालू ठेवला होता, पण डिसेंबरमध्ये त्याची मुदत संपली आणि त्याचा कायदा झालाच नाही. त्याच्या भरवशावर कोणी बसू नये.

एवढे सगळे मांडल्यावर पालक म्हणतात, मग नेमके सांगा, लागेल की नाही? मी आता तीन रकाने आखतो. मुलाचा क्रमांक मागच्या तिन्ही वर्षांच्या शेवटच्या क्रमांकापेक्षा बराच पुढे असेल तर पहिला रकाना, तिथे 'लागेल' म्हणायला हरकत नाही. एखाद्या वर्षी आत, एखाद्या वर्षी बाहेर असेल तर दुसरा. त्यात 'सांगता येत नाही' हेच खरे उत्तर असते, आणि त्या घराने दुसरी सोय आजच पाहून ठेवायची असते: बीडीएस, आयुर्वेद, युनानी, बीएस्सी नर्सिंग, जे मुलाला मान्य असेल ते. दहावीपर्यंत उर्दू शिकलेल्या मुलांना बीयूएमएसचा रस्ता तर सरळ आहे, त्यासाठी वेगळा प्रवेश-वर्ग करावा लागत नाही. जालना जिल्ह्यात बदनापूरजवळ मुस्लिम अल्पसंख्याक दर्जाचे वैद्यकीय महाविद्यालयही आहे. फॉर्म भरताना अल्पसंख्याक कोट्याचा रकाना रिकामा सोडू नये, मात्र फीचा आकडा आधी पाहावा. तिसऱ्या रकान्यातल्या पालकांना 'नाही' सांगायचे धैर्य मला अजून दरवेळी होत नाही. चहा मागवतो, इकडचे-तिकडचे बोलतो, मग सांगतो.

पुन्हा एक वर्ष थांबावे का, हा प्रश्न या तिसऱ्या रकान्यात सर्वांत जास्त येतो. माझे मत असे की दुसऱ्या रकान्यातल्या मुलाने एकदा थांबावे. तिसऱ्या रकान्यातल्याने सराव परीक्षेत खरोखर चढ दिसत असेल तरच. तिसऱ्यांदा मात्र नाही. आणि मुलीला एक वर्ष द्यायची वेळ आली की 'वय वाढतंय' हे वाक्य निघते, मुलाच्या वेळी निघत नाही. त्या मुलीच्या घरीही ते निघाले. ती काही बोलली नाही.

ती आता एका युनानी महाविद्यालयात आहे, दुसऱ्या वर्षाला. ईदला आली होती. मी बोलता बोलता कागदांचा विषय काढला आणि माफी मागायला सुरुवात केली, तर तिने उठून कपाटातून एक फाईल आणली. धाकटा भाऊ, तोच जो ४ जूनला धावत आला होता, तो आता अकरावी सायन्सला आहे. फाईलमध्ये पणजोबांच्या नोंदीची कोतवाल बुकातली नक्कल होती, जातीचे प्रमाणपत्र होते, नॉन-क्रीमीलेअर होते आणि वैधतेच्या अर्जाची पोच होती. सुट्टीत आली की ती स्वतः तहसीलला जात होती. पोराच्या दहा सराव पेपरांचे आकडे तिने एका कागदावर लिहिले होते. वरचा आणि खालचा खोडलेला. सरासरी ४१०.

अम्मी चहा घेऊन आल्या. "सर, इसका लग जाएंगा ना?"

मी म्हणालो, "आज नाही सांगता येत. डिसेंबरात पुन्हा बसू, तेव्हाचे आकडे घेऊन."